गिल्डहॉल, लेस्टर

इंग्लंडमधील लेस्टर या शहरातील एक मध्ययुगीन नागरी वास्तू. लेस्टर हे लंडनच्या वायव्येस, लोहमार्गाने सुमारे १६० किमी. अंतरावर सोअर नदीकाठी वसले आहे. मूळच्या रोमन वसाहतीवर वाढलेल्या या गावाला १९१९ मध्ये शहराचा दर्जा पुन्हा मिळाला. सेंट मार्टिन चर्चच्या (१९२७ पासून कॅथीड्रल) शेजारी, एका अरुंद गल्लीत ही लाकडी सांगाड्याची इमारत उभी आहे. सुमारे १३९० मध्ये एका धार्मिक बंधुसंघाचे सभागृह म्हणून ती बांधण्यात आली. पुढे ती नगराचे कार्यालय, न्यायालय, ग्रंथालय व पोलीस ठाणे झाली आणि १९२६ पासून ती वस्तुसंग्रहालय म्हणून वापरात आहे. इंग्लंडमध्ये हिच्याहून भव्य नगरभवने पुष्कळ आहेत. तथापि नगराची सत्ता कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाला पाच शतकांत मिळालेली निरनिराळी उत्तरे एकाच छपराखाली दाखविणाऱ्या वास्तू थोड्या आहेत. लेस्टरच्या गिल्डहॉलचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यत्वे यात आहे.

स्थापना व बंधुसंघ : ‘गिल्ड’ या संज्ञेने मध्ययुगात दोन प्रकारच्या संघटनांचा बोध होत असे. एक, व्यापारी किंवा कारागीर यांची श्रेणी आणि दुसरी, एखाद्या संताच्या अथवा धार्मिक उत्सवाच्या नावाने स्थापन झालेला बंधुसंघ. लेस्टरमध्ये दोन्ही प्रकार होते. तेथील व्यापारी श्रेणीच्या सभासदांच्या याद्या ११९६ पासून उपलब्ध असून इंग्लंडमधील नगरांच्या अशा जुन्या दप्तरांत त्यांची गणना होते. प्रस्तुत गिल्डहॉल मात्र या श्रेणीचा नव्हे. तो ‘कॉर्पस क्रिस्टी’ म्हणजे ख्रिस्तदेह या उत्सवाच्या नावाने १३४३ मध्ये स्थापन झालेल्या बंधुसंघाने उभारला. उत्सवाच्या दिवशी मिरवणूक काढणे, सेंट मार्टिन चर्चमधील आपल्या वेदीची व्यवस्था पाहणे, दिवंगत सभासदांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणारे धर्मगुरू नेमणे आणि वर्षातून ठराविक दिवशी एकत्र भोजन करणे, ही या संघाची प्रमुख कार्ये होत. भोजन व सभा यांसाठी सभागृह आणि धर्मगुरूंसाठी निवास या दुहेरी गरजेतून ही वास्तू निर्माण झाली.

संघाच्या सभासदांत गावातील सधन लोकरव्यापारी व प्रतिष्ठित नागरिक होते आणि गावाचा कारभार पाहणारी मंडळीही बव्हंशी हीच होती. त्यामुळे धर्मकार्यासाठी बांधलेल्या या सभागृहात नगराच्या सभा भरू लागल्या, हे स्वाभाविक होते. नगराचे स्वतःचे जुने सभागृह दुसऱ्या गल्लीत होते. परंतु १४९५ पासून बंधुसंघाच्या सभागृहात नगरसभा भरत असल्याचे दिसते. सुमारे सत्तर वर्षे नगर हे या अर्थी संघाचे पाहुणे होते.

रचना : इमारतीचे निरनिराळे भाग एका लहान अंगणाभोवती वसले आहेत. त्यांपैकी सर्वांत जुना भाग म्हणजे ‘ग्रेट हॉल’ हे मुख्य सभागृह. त्याचे मूळचे तीन खण चौदाव्या शतकाच्या अखेरीचे असून पुढील शतकात पश्चिमेकडे त्यात भर घालण्यात आली. छताचा भार ओक वृक्षाच्या प्रचंड, नैसर्गिक वाकाच्या तुळयांनी पेलला आहे. या तुळया जोडीजोडीने भिंतींतून वर येऊन एकमेकींकडे झुकतात आणि छप्पर उघडेच असल्याने हा सर्व सांगाडा खालून स्पष्ट दिसतो. अशा बांधणीत मध्ये खांब लागत नाहीत व सभेसाठी मोकळी जागा मिळते. भिंतींतील लाकडी चौकटींच्या मधल्या जागा भरून घेतलेल्या असून पाया दगडी आहे. लेस्टरच्या आसपास बांधकामास योग्य असा चांगला दगड विपुल नसल्याने मध्ययुगीन गावातील बहुतेक घरे लाकडाचीच होती.

पश्चिमेकडील बाजूस ‘मेयर्स पार्लर’ म्हणजे नगरप्रमुखाचे दालन आहे. नगराने इमारत घेतल्यावर ते मेयरसाठी सजविण्यात आले. त्यातील शेकोटीवरचे कोरीव व रंगविलेले लाकूडकाम १६३७ मधील आहे. याच्या वरच्या मजल्यावर पंचांना विचारविनिमयासाठी खोली होती. पूर्वेकडील भागात मूळ धर्मगुरूंची निवासस्थाने होती. पुढे तेथे ग्रंथालय आले व तळमजल्यावर पोलीस कोठड्या झाल्या. मोठे सभागृह, अधिकाऱ्याचे लहान दालन, ग्रंथालय आणि कोठडी हे चारही भाग काही पावलांच्या अंतरात येतात. नगराच्या कारभाराची बहुतेक अंगे आजही प्रेक्षकास येथे एका फेरीत पाहता येतात.

धर्मसुधारणा व नगराची मालकी : सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि मठांची मालमत्ता ताब्यात घेतली. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या प्रथेविरुद्ध १५४७ मध्ये कायदा झाला व त्यान्वये देशभरातील धार्मिक बंधुसंघ विसर्जित होऊन त्यांच्या मिळकती राजसत्तेकडे गेल्या. कॉर्पस क्रिस्टी संघही १५४८ मध्ये संपुष्टात आला. त्यामुळे जेथे नगरसभा भरत होती ती इमारतच परक्या हाती जाण्याचा प्रसंग आला. अखेर १५६३ मध्ये नगराने ती विकत घेतली. देशातील अनेक गिल्ड-सभागृहे या काळात पाडली गेली किंवा खाजगी मालकीत गेली. लेस्टरचे टिकले, कारण ते आधीच नगराच्या उपयोगाचे झाले होते.

पुढे राणी पहिल्या एलिझाबेथच्या १५८९ च्या सनदेने नगरास विधिवत निगमाचे स्वरूप मिळाले. तथापि निगम म्हणजे सर्व नागरिक नव्हेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीसच या प्रश्नावर लेस्टरमध्ये उघड संघर्ष झाला होता. संसदेने १४८९ मध्ये लेस्टर व नॉर्थॅम्प्टन या नगरांसाठी कायदा करून मेयरच्या निवडणुकीतील सामान्य नागरिकांचा सहभाग काढून घेतला. ही निवड २४ ज्येष्ठ सभासद व त्यांच्या मदतीचे ४८ सभासद यांनी करावी असे ठरले आणि हे सभासदही आतूनच निवडले जाऊ लागले. सामान्य नागरिकांनी हे न मानता आपला स्वतंत्र मेयर निवडला; परंतु राजाने मान्यता दिली ती मर्यादित मंडळाच्या उमेदवाराला. अशा प्रकारे जन्मास आलेले बंदिस्त मंडळ गिल्डहॉलमधून गावाचा कारभार साडेतीनशे वर्षे पाहत राहिले.

नाटक मंडळ्या : टयूडर काळात गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना खेळ करण्यापूर्वी मेयरची परवानगी घ्यावी लागे. पहिला खेळ बहुधा नगराच्या सभागृहात मेयर व त्याच्या सहकाऱ्यांसमोर होई आणि त्याबद्दल नगराच्या तिजोरीतून बिदागी मिळे. लेस्टरच्या हिशेबांत अशा बिदागीच्या नोंदी वारंवार येतात. मार्च १५८४ मधील एक प्रसंग दप्तरात तपशिलाने नमूद आहे. वूस्टरच्या अर्लच्या आश्रयाखालील मंडळीला मेयरने खेळाची परवानगी नाकारली आणि भोजनासाठी काही रक्कम देऊन त्यांची बोळवण केली. मंडळीने मात्र ताशे व तुताऱ्या वाजवीत रस्त्यातून आपल्या उताऱ्याकडे मिरवणूक काढली व मेयरविषयी अनुदार शब्द काढले. नंतर आपल्या आश्रयदात्याकडे तक्रार जाईल या भीतीने त्यांनी माफी मागितली आणि मेयरच्या कृपेने आपण खेळ करीत आहोत असे प्रेक्षकांना सांगण्याच्या अटीवर त्यांना उताऱ्याच्या ठिकाणी प्रयोग करू देण्यात आला. पुढे लंडनच्या रंगभूमीवर श्रेष्ठ नट म्हणून प्रसिद्धी पावलेला एडवर्ड ॲलिन (१५६६–१६२६) याचे नाव या मंडळीच्या परवान्यात आढळते. शेक्सपिअरने या सभागृहात भूमिका केल्याची समजूत स्थानिक परंपरेत रूढ आहे. तिला कागदोपत्री आधार नाही.

ग्रंथालय : सेंट मार्टिन चर्चमध्ये ठेवलेला ग्रंथसंग्रह लिंकनचे बिशप जॉन विल्यम्स यांच्या प्रोत्साहनाने १६३२ मध्ये गिल्डहॉलच्या पूर्व भागात हलविण्यात आला. धर्मगुरू व सुशिक्षित नागरिक यांना तो खुला होता. इंग्लंडमधील जुन्या नगर-ग्रंथालयांत त्याची गणना होते. टॉमस हेन या विद्वानाने १६४० मध्ये या ग्रंथालयास दिलेल्या ‘नव्या करारा’च्या पंधराव्या शतकातील ग्रीक हस्तलिखितास ‘कोडेक्स लेस्ट्रेन्सिस’ असे नाव असून बायबलच्या पाठचिकित्सेत त्याचा उपयोग अनेक संपादकांनी केला आहे.

यादवी युद्ध : राजा पहिला चार्ल्स व संसद यांच्यातील यादवी युद्धात (१६४२–५१) लेस्टर संसदेच्या बाजूस होते. मे १६४५ च्या अखेरीस राजाचा पुतण्या व सेनापती प्रिन्स रूपर्ट याने गावाला वेढा दिला. तारीख ३० मे रोजी त्याने शरणागतीचे आवाहन पाठविले, तेव्हा मेयर, नगरसभासद आणि संरक्षक सैन्याचे अधिकारी यांनी गिल्डहॉलमध्ये विचारविनिमय केला व उत्तरासाठी अवधी मागितला. अवधी मिळाला नाही. दुपारपासून तोफांचा भडिमार सुरू झाला, संध्याकाळपर्यंत तटास भगदाड पडले आणि मध्यरात्रीच्या सुमारास चढाई होऊन ३१ मे च्या पहाटे गाव पडले. तट फुटल्यावरही गावातील रस्त्यांतून लढाई चालू राहिली आणि अखेरचा प्रतिकार गिल्डहॉलच्या परिसरात झाला, असे सांगतात. विजयी सैन्याने गाव लुटले. गिल्डहॉलमधील दप्तर व नगराचा अधिकारदंड यांचीही लूट झाली. मात्र हा विजय अल्पायुषी ठरला. १४ जून रोजी नेझबीच्या लढाईत राजाचा निर्णायक पराभव झाला व त्यानंतर चार दिवसांनी लेस्टर पुन्हा संसदेच्या ताब्यात आले. दप्तराचे नुकसान होऊनही त्याचा मोठा भाग वाचला. मेरी बेटसन (१८६५–१९०६) या इतिहाससंशोधिकेने त्याचे १८९९ पासून साक्षेपाने संपादन केले. मध्ययुगीन इंग्लिश नगरांच्या अभ्यासाचे ते एक मौलिक साधन आहे.

१८३५ ची सुधारणा : अठराव्या शतकात व एकोणिसाव्याच्या आरंभी लेस्टरचा निगम हा अपप्रवृत्तींसाठी प्रसिद्ध होता. सभासद आपले वारस स्वतःच निवडीत. ते सर्व टोरी पक्षाचे आणि अँग्लिकन चर्चचे अनुयायी असत. याउलट, गावातील मोजेविणकामाच्या धंद्यातून पुढे आलेले अनेक उद्योजक चर्चबाह्य पंथांचे होते आणि कर भरूनही कारभारात त्यांना स्थान नव्हते. निगमाने १८२६ च्या संसदीय निवडणुकीत आपल्या पक्षाच्या उमेदवारांसाठी सार्वजनिक पैसा वापरला व त्यासाठी कर्जही काढले. या प्रकरणाचा देशभर गाजावाजा झाला. नगरांच्या कारभाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर संसदेने १८३५ मध्ये नगरनिगम अधिनियम संमत केला. त्याने इंग्लंड व वेल्समधील १७८ नगरांतील जुनी मंडळे बरखास्त होऊन करदात्यांनी निवडलेल्या परिषदा आल्या, हिशेबतपासणी बंधनकारक झाली आणि प्रत्येक नगराने पोलीस दल उभारावे असे ठरले. स्त्रिया व कर न भरणारे गरीब यांना मात्र या सुधारणेतही मताधिकार नव्हता.

डिसेंबर १८३५ मधील पहिल्याच निवडणुकीत लेस्टरच्या सुधारणावाद्यांना प्रचंड बहुमत मिळाले. टॉमस पॅजेट हा नव्या व्यवस्थेतील पहिला मेयर झाला. त्याच्यासह पहिले सात मेयर ग्रेट मीटिंग या एकाच युनिटेरियन प्रार्थनामंदिराशी संबंधित होते. ज्यांना गिल्डहॉलचे दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, त्यांचीच आता तेथे सत्ता आली. नव्या परिषदेने जुन्या मंडळाच्या मेजवान्या बंद केल्या आणि निगमाची चांदीची भांडी व इतर मानचिन्हे लिलावात विकून टाकली. त्यांत मोठा अधिकारदंडही होता. पुढे तो नगराकडे परत आला. प्रतीकांवरचा हा रोष इमारतीवर मात्र उतरला नाही. परिषद त्याच सभागृहात, त्याच तुळयांखाली भरू लागली.

पोलीस ठाणे : फेब्रुवारी १८३६ मध्ये लेस्टरचे पोलीस दल स्थापन झाले. लंडनच्या पोलीस दलात अनुभव घेतलेला फ्रेडरिक गुडयर हा त्याचा पहिला प्रमुख होता व सुमारे ५० शिपाई व अंमलदार त्याच्या हाताखाली होते. दलाचे ठाणे गिल्डहॉलमध्येच ठेवण्यात आले. इमारतीच्या एका भागात कोठड्या बांधल्या गेल्या व अधिकाऱ्यासाठी लगतच घर झाले. पकडलेला माणूस तळमजल्यावरील कोठडीतून काही पावले चालून मुख्य सभागृहातील न्यायासनासमोर उभा राही. बंधुसंघाच्या भोजनासाठी बांधलेल्या सभागृहाचे हे रूपांतर औद्योगिक नगराच्या गरजांचे द्योतक होते.

नव्या नगरभवनाचा वाद : लेस्टरची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे १७,००० होती, १८७१ मध्ये ती सुमारे ९५,००० झाली. एवढ्या वाढत्या गावाचा कारभार जुन्या लाकडी इमारतीतून चालविणे अवघड होऊ लागले. १८४० नंतरच्या दशकात नवे नगरभवन बांधावे की नाही, यावर सत्ताधारी सुधारणावाद्यांतच दोन तट पडले. विल्यम बिग्ज याच्या मते नगराच्या प्रतिष्ठेस साजेशी सार्वजनिक बांधकामे करणे हे नव्या परिषदेचे कर्तव्य होते. जोसेफ व्हेटस्टोन व त्याचे अनुयायी काटकसरीचे पुरस्कर्ते होते. जुन्या निगमाच्या उधळपट्टीविरुद्ध लढून सत्ता मिळविल्यानंतर आपणही करदात्यांच्या पैशातून प्रासाद उभारू लागलो तर फरक काय राहिला, असा त्यांचा सूर होता. शिवाय सांडपाण्याची व्यवस्था नसल्याने गावात रोगराई होती व मृत्युमान अधिक होते. तेव्हा खर्च करायचाच तर तो आधी गटारे व पाणीपुरवठा यांवर करावा, हे मत बलवान ठरले. परिणामी नगरभवन तीस वर्षे लांबणीवर पडले. लीड्ससारख्या उद्योगनगरीने १८५८ मध्ये भव्य नगरभवनाचे उद्‌घाटन केले, तेव्हा लेस्टरची परिषद चौदाव्या शतकातील सभागृहातच बसत होती.

अखेर फ्रान्सिस हेम्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागी नवे नगरभवन बांधण्यात आले व ऑगस्ट १८७६ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. परिषद, न्यायालय व पोलीस तेथे गेले. १४९५ पासून अखंड चालत आलेला गिल्डहॉलचा नागरी वापर ३८१ वर्षांनी संपला.

ऱ्हास व जतन : राजसत्तेची जप्ती, लूट, राजकीय क्रांती यांतून निभावलेली ही वास्तू निरुपयोगी ठरताच खऱ्या धोक्यात आली. पुढील चार दशके ती किरकोळ कामांसाठी वापरली गेली आणि तिची देखभाल झाली नाही. १९२० च्या सुमारास ती इतकी जीर्ण झाली की ती पाडण्याचा विचार पुढे आला. लेस्टरशर पुरातत्त्व व इतिहास संस्थेने या विचारास विरोध करून जतनाचा आग्रह धरला. त्याला यश येऊन १९२२ ते १९२६ या काळात इमारतीचा जीर्णोद्धार करण्यात आला व १९२६ मध्ये ती वस्तुसंग्रहालय म्हणून जनतेस खुली झाली. १९५० मध्ये संरक्षित वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत तिला प्रथम श्रेणीत स्थान मिळाले.

अलीकडच्या काळात या वास्तूचा संबंध एका मोठ्या ऐतिहासिक शोधाशी आला. बॉसवर्थच्या लढाईत (१४८५) मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड (१४५२–८५) याचे दफन लेस्टरमधील ग्रेफ्रायर्स मठात झाले होते. मठ नष्ट झाल्यानंतर कबरीची जागा विस्मृतीत गेली. गिल्डहॉलपासून जवळच असलेल्या वाहनतळाखाली २०१२ मध्ये झालेल्या उत्खननात एक सांगाडा सापडला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो रिचर्डचाच असल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात या शोधाविषयीचे प्रदर्शन गिल्डहॉलमध्ये भरले व ते पाहण्यास लोकांच्या रांगा लागल्या. रिचर्डच्या अवशेषांचे मार्च २०१५ मध्ये शेजारच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा दफन करण्यात आले. राजाचा मृतदेह गावात आणला गेला, तेव्हा हे सभागृह सुमारे शंभर वर्षांचे होते.

मूल्यमापन : लेस्टरचा गिल्डहॉल एखाद्या नामांकित वास्तुकाराची कृती नाही आणि तो नगराच्या वैभवाचे स्मारक म्हणूनही बांधला गेला नाही. प्रत्येक नव्या सत्ताधाऱ्याने पूर्वीच्यांचा विधी, त्यांची चिन्हे व त्यांचे विशेषाधिकार टाकून दिले, पण सभागृह ठेवून घेतले. यामागे प्राचीनतेविषयीचा आदर नव्हता. जागा उपयोगाची होती आणि नवी बांधणे खर्चाचे होते, एवढेच कारण होते. प्राचीनतेचा विचार विसाव्या शतकात, उपयोग संपल्यानंतर आला आणि तोही अगदी वेळेवर. बंधुसंघाच्या सभासदांपुरते मर्यादित असलेले हे दार प्रथम नगराच्या मोजक्या धुरीणांना, नंतर करदात्यांच्या प्रतिनिधींना आणि शेवटी कोणत्याही अभ्यागतास खुले झाले. इंग्लंडमधील स्थानिक स्वराज्याचा विकास ज्या मंद व अनेकदा अनिच्छेने टाकलेल्या पावलांनी झाला, त्यांचा माग या एका इमारतीत घेता येतो.